पारख्याचा मॉनिटर

चष्म्याच्या दुकानामागे एक चिंचोळी खोली होती. तिथे बसून पारखी दिवसभर माणसांचे डोळे तपासायचा आणि त्यांची अक्कल काढायचा. पगार पहिल्या कामाचा मिळायचा. दुसरं तो हौसेने करायचा, आणि खरं सांगायचं तर मन लावून तेच करायचा.

'पारखी' हे नाव लोकांनी त्याला थट्टेने ठेवलं होतं. कुणी नवा पंखा आणला की हा त्याच्या पात्यावरून बोट फिरवून म्हणणार, "फसवलं तुम्हाला." कुणी मोबाइल दाखवला की तो दोन बोटांत धरून उलटासुलटा करणार आणि काही न बोलता परत देणार. ते न बोलणं जास्त झोंबायचं. पुढे त्याने ते नाव मानाने घेतलं. आता जो थट्टा मानाने घेतो त्याची थट्टा कोण किती दिवस करणार? लोकांनी नाद सोडला आणि नाव तेवढं चिकटून राहिलं.

त्याच्या खोलीतला एक प्रकार सांगतो, म्हणजे माणूस कळेल. नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकावर तो ती जड चौकट बसवायचा, तिच्यात एकेक काच सरकवायचा आणि विचारायचा, "पहिलं स्पष्ट की दुसरं?" हे सगळेच करतात. पारखी मात्र मध्येच एकदा काच काढायचा, हवेत फिरवायचा आणि तीच काच परत बसवायचा. "आणि आता?" गिऱ्हाईक मान पुढे काढून म्हणायचं, "हां, आता कसं लख्ख दिसतंय!" पारखी गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचा. संध्याकाळी घरी जेवताना मात्र त्याला उकळ्या फुटायच्या.

"तीच काच! तीच्या तीच!" तो बायकोला सांगायचा. "आणि बघतात कुठे, माहितीये? अक्षरांच्या तक्त्याकडे नाही. माझ्या तोंडाकडे! मला काय ऐकायचंय ते माझ्या तोंडावर शोधतात आणि तेच सांगतात. अगं, माणसाला दिसत नाही. माणसाला वाटतं."

त्याची बायको एका प्रकाशकाकडे पुस्तकांची पानं लावायची. आठ तास कॉम्प्युटरसमोर बसून ओळी वरखाली करायच्या, चित्रं चौकटीत बसवायची. लग्न नवीन होतं तेव्हा काचेची गोष्ट ऐकून ती खो खो हसली होती. पुढे ती नुसती "हं" म्हणू लागली. त्यानंतर तिने तेही बंद केलं आणि भाजीचं भांडं पुढे सरकवायला लागली. पारख्याला हा फरक कधी दिसला नाही.

त्याचं वाक्य तसं चुकीचं नव्हतं. माणसाला पुष्कळदा नुसतं वाटतंच. फक्त या 'माणसा'त पारखी स्वतःला धरत नव्हता, एवढीच काय ती गोची होती.

आता त्याच्या या नाकाने कांदे सोलण्यामागे एक जुनं दुखणं होतं. नाही सांगितलं तर अन्याय होईल, म्हणून सांगतो. पारख्याला डॉक्टर व्हायचं होतं. परीक्षेला दोनदा बसला, दोनदा आपटला. सासरे होते मुख्याध्यापक. लग्नानंतर पहिल्यांदा जावई जेवायला बसला असताना त्यांनी शेजारच्या पाहुण्याला ओळख करून दिली ती अशी: "हे आमचे जावई. चष्मेवाले." बस्स, एवढंच. पारख्याच्या घशात घास अडकला तो बरीच वर्षं अडकून राहिला. मग एकदा सासऱ्यांना टीव्ही घ्यायचा होता आणि कुणीच घरात नव्हतं म्हणून त्यांनी जावयाला विचारलं. टीव्ही चांगला निघाला. तेव्हापासून त्या घरात फ्रिज, मिक्सर, इस्त्री, काहीही यायचं झालं की "जावईबापूंना विचारा" असं होऊ लागलं. पारख्याला दुसरी इस्टेट नव्हती. विचारलं जाणं हीच त्याची कमाई, आणि ती तो पोराबाळासारखी जपत होता.

तर त्याने स्वतःसाठी मॉनिटर घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात जणू लग्नकार्य निघालं. कारण काय, तर संध्याकाळी कामावरून आल्यावर तो कॉम्प्युटरवर गाडी पळवण्याचा एक खेळ खेळायचा. घाटाचा रस्ता, लाल गाडी, आणि प्रत्येक तिसऱ्या वळणाला ती लाल गाडी दरीत. एवढ्यासाठी हिवाळा संपून उन्हाळा आला तरी याचा अभ्यास चाललेलाच. चोवीस इंच की सत्तावीस? वाकडा पडदा की सरळ? काळा रंग खरा काळा दिसतो की राखाडी? आणि सगळ्यात मोठा प्रश्न हर्ट्झचा. पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र बदलतो, त्याचा हा आकडा. साध्या मॉनिटरवर साठ वेळा बदलतं. पारख्याने घेतला तो एकशे पासष्टवाला.

मॉनिटर घरी आला, बाहेरच्या खोलीत टेबलावर विराजमान झाला. कोपऱ्यात '१६५' असं छापलेलं चकचकीत स्टिकर होतं ते पारख्याने काढलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसायला हवं होतं. खोक्यातला माहितीचा कागद त्याने उलगडलासुद्धा नाही. "कागद वाचून वस्तू वापरतात ती माणसं वेगळी," तो म्हणाला. "कंपनीने सगळं लावून दिलेलं असतं. बोटं घालून बिघडवतात ते अडाणी."

पहिल्याच आठवड्यात बायको त्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं काहीतरी काम करायला बसली. अक्षरं फार बारीक दिसत होती म्हणून तिने सेटिंग उघडलं, आणि तिथे तिला एक आकडा दिसला.

"अहो, इथे साठ लिहिलंय. तुमचा एकशे पासष्ट ना?"

पारखी त्या वेळी समोरच्या बिऱ्हाडकरूला रंगांची खोली समजावून सांगत होता. त्याने मान वळवायचीही तसदी घेतली नाही. "तुला काय कळतंय त्यातलं? हात लावू नकोस."

तिने हात लावला नाही.

पुढची दोन वर्षं पारखी त्या पडद्यासमोर बसून "लोणी, लोणी" करत राहिला. "एकदा एकशे पासष्ट बघितलं ना, की साठकडे बघवत नाही. डोळे चुरचुरतात माझे." ऑफिसातून दमून आलेली बायको शेजारी भाजी निवडत ऐकायची. कधीतरी ती मान वर करून एकदा पडद्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघायची आणि परत भाजी निवडायला लागायची.

अशात त्याच्या मेहुण्याला मॉनिटर घ्यायची हुक्की आली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बसचा ड्रायव्हर. दिवसभर गर्दीच्या रस्त्यावरून बस हाकून घरी यायचा आणि हातपाय धुतले की कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा खेळ लावून बसायचा. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, मागे घंटी मारणारं कुणी नाही. "भाऊजी, इथे कुणी म्हणत नाही की माझा स्टॉप गेला," असं तो हसत सांगायचा. पारख्याला या माणसाची कीव यायची. दिवसभर जे करतो तेच संध्याकाळी करणारा माणूस म्हणजे बैलच, असं त्याचं मत होतं. स्वतः तो दिवसभर काचांत डोकं घालून संध्याकाळी काचेसमोरच बसत होता, पण ते असो.

मेहुणा सुट्टीच्या दिवशी आला आणि रीतीप्रमाणे विचारता झाला. "भाऊजी, एखादा बरा, साधासुधा, सगळ्याला चालेल असा मॉनिटर सांगा. थोडं खेळायचं, थोडं बघायचं, एवढंच."

पारख्याने त्याला बसवलं आणि सोललं. पॅनेलचे प्रकार झाले, बिंदूंची दाटी झाली, उंची खालीवर होणाऱ्या स्टँडचं महत्त्व झालं. शेवटी देवाच्या गाभाऱ्यात शिरावं तशा आवाजात हर्ट्झ आले. मेहुणा चहाचा कप हातात धरून ऐकत होता. चहा निवून गेला.

"दुकानात एक बघून ठेवलाय," तो चाचरत म्हणाला. "चोवीस इंची. पंचाहत्तर हर्ट्झ आहे. रंग बरे वाटले मला."

"पंचाहत्तर!" पारखी असा हसला की आतल्या खोलीतून बायको बाहेर आली. "अरे, त्याला मॉनिटर नाही म्हणत. त्यापेक्षा खिडकी उघडून रस्त्याकडे बघ, फुकट पडेल."

"पण माझा कॉम्प्युटर जुना आहे, भाऊजी. इंजिन तेच असताना नुसती मोठी चाकं लावून काय उपयोग?"

"तू बस चालव," पारखी म्हणाला. "मॉनिटरचं माझ्यावर सोड."

मेहुण्याने सोडलं नाही. चार दिवसांनी त्याने तो चोवीस इंची घेऊन टाकला, आणि बहिणीला फोन करून आनंदाने सांगितलंही. पारख्याला हे कळलं तेव्हा त्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली. वस्तूचं दुःख नव्हतं. त्या घरात त्याचा शब्द पहिल्यांदाच कुणीतरी विचारला आणि बाजूला ठेवला होता. आज मॉनिटर, उद्या फ्रिज, आणि परवा सासरे पुन्हा पाहुण्याला सांगणार: आमचे जावई, चष्मेवाले.

"रविवारी तुझ्या भावाला बोलव," तो म्हणाला. "बाबांनाही बोलव. फरक काय असतो ते मी सगळ्यांना दाखवतो."

"कशाला?" बायको म्हणाली. "त्याला आवडलाय ना तो?"

"आवडायला अक्कल लागत नाही."

रविवारी संध्याकाळी सासरे आणि मेहुणा आले. चहा झाला. पारख्याने टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढून ठेवलं होतं, खुर्च्या शाळेसारख्या मांडल्या होत्या. आधी त्याने मेहुण्याला समोर बसवून लाल गाडी घाटात सोडली. "बघ. दिसतो फरक तुझ्या डबड्यापेक्षा?"

मेहुण्याने प्रामाणिकपणे डोळे बारीक केले. "मोठं दिसतंय, भाऊजी. बाकी मला तरी सारखंच वाटतंय."

"गाढवाला गुळाची चव काय," पारखी म्हणाला. पाहुण्याला घरी बोलावून असं बोलायचं नसतं, पण पारख्याला ती समज कधी नव्हतीच.

सासरे इतका वेळ हाताची घडी घालून बसले होते. मुख्याध्यापकाची नोकरी संपते, सवय संपत नाही. "जावईबापू," ते म्हणाले, "याला कळत नाही हे ठरलं. पण तुम्हाला कळतं, हे कशावरून?"

पारखी खूश झाला, त्याला हेच तर हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

"घ्या परीक्षा," तो म्हणाला. "मी भिंतीकडे तोंड करून बसतो. ही साठ तरी लावेल, नाहीतर एकशे पासष्ट. मी बघून सांगतो कुठलं. एवढं येईल ना गं तुला?"

"येईल," बायको म्हणाली.

ती टेबलाशी बसली. पारख्याने भिंतीकडे तोंड केलं. माउसचे टिकटिक आवाज आले.

"बघा."

पारखी वळला. गाडी थोडी पळवली, डावीकडे, उजवीकडे. "एकशे पासष्ट," तो म्हणाला. "विचारायला कशाला हवं? लोणी आहे."

"बरोबर," बायको म्हणाली.

पुन्हा भिंत, पुन्हा टिकटिक. या वेळी त्याने गाडी हलवली मात्र आणि तोंड वाकडं केलं. "साठ! अरे बाबा, ती रस्त्यावरची पाटी बघा, कशी अडखळत जातेय. डोळ्यांत खुपतंय अक्षरशः. बंद कर ते."

"बरोबर."

मेहुणा पाटीकडे बघत होता. आता त्यालाही ती अडखळताना दिसायला लागली. सासरे खुर्चीत पुढे सरकले.

तिसऱ्या वेळी टिकटिक बराच वेळ चालली. पारखी वळला, क्षणभर बघितलं आणि विजयाने हसला. "हे मघाचंच आहे. साठच. नुसती बोटं वाजवलीस, बदललं काहीच नाहीस. माझीच युक्ती माझ्यावर चालवतेस होय?"

बायकोने त्याच्याकडे नीट बघितलं. "बरोबर," ती म्हणाली.

सासरे उठून उभे राहिले. "मानलं," ते म्हणाले. "डोळा आहे तुमचा. डॉक्टरांना नसतो असा." इतक्या वर्षांत पारख्याने सासऱ्यांच्या तोंडून हे ऐकायची किती वाट पाहिली असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो उगीच स्टिकर पुसत बसला.

मेहुण्याचं तोंड मात्र उतरलं होतं. "चुकलंच माझं, भाऊजी. उद्या दुकानात जाऊन परत करतो. तुमचाच घेतो. जादा फेऱ्या मागून घेईन दोनचार महिने. आता रात्रीची गाडी घ्यायला कुणी तयार नसतं, मला लगेच देतील."

"घे," पारखी उदारपणे म्हणाला. "उशिरा का होईना, उजेड पडला."

पाहुणे गेले. पारखी शीळ घालत टेबल परत भिंतीला लावत होता. बायको कप उचलत होती.

"मी काही बदललं नव्हतं," ती म्हणाली.

"तिसऱ्या वेळी. ते मी ओळखलं ना."

"तिन्ही वेळा. तिसऱ्या वेळी तेवढं तुम्ही ओळखलंत."

पारखी हसला. मग हसायचा थांबला. त्याने खुर्ची ओढली आणि ते सेटिंग आयुष्यात पहिल्यांदा उघडलं. चौकटीत साठ लिहिलेलं होतं. चौकटीवर टिचकी मारल्यावर खाली बाकीचे आकडे उघडले, पंचाहत्तर, शंभर, आणि अगदी तळाला एकशे पासष्ट. तिथे कुणी कधी बोट लावलेलं नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आणला तेव्हापासून. मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, हात लावू नकोस."

"दोन वर्षं!" त्याचा आवाज चिरकला. "दोन वर्षं मूग गिळून बसलीस?"

"परत सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?" तिने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. "रोज जेवताना तुमच्या गिऱ्हाइकांची गोष्ट ऐकायची, आणि मग इथे येऊन लोणी ऐकायचं. आधी हसू यायचं. मग राग यायचा. आता काहीच येत नाही."

"मग आज तरी का नाही सांगितलंस सगळ्यांसमोर?"

"बाबांनी तुम्हाला चष्मेवाले म्हटलं तेव्हा मी वाढत होते," ती म्हणाली. "तुमचा चेहरा बघितला होता मी. पुन्हा नव्हता बघायचा."

पारख्याला लाज वाटली. सरळ, साधी, कान तापवणारी लाज. इतरांना ती अधूनमधून वाटते म्हणून ती माणसं जरा बरी वागतात. याला सवय नव्हती, त्यामुळे पाच मिनिटांत त्याने त्या लाजेचा राग करून टाकला. कंपनी फसवते, सेटिंग लपवून ठेवतात, कागदावर बारीक अक्षरांत छापतात, असं तो खोलीभर फिरत बडबडू लागला.

"त्याला फोन करा," बायको म्हणाली.

"कुणाला?"

"माझ्या भावाला. उद्या तो मॉनिटर परत करेल आणि रात्रीची बस मागून घेईल. बाबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण तो रात्री गाडी चालवणार नाही. तुम्ही करताय की मी करू?"

पारखी थांबला. तिने फोन केला तर ती खरं सांगणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. डॉक्टरांना नसतो तो डोळा उद्या सकाळपर्यंत पुन्हा चष्मेवाल्याचा होणार. त्याने फोन उचलला. मेहुणा अजून वाटेतच होता, मागून गाड्यांचे आवाज येत होते.

"ऐक," पारखी म्हणाला. "तू आहे तोच ठेव."

"का हो, भाऊजी?"

बायको दारात उभी होती, हातात कप. पारख्याने तोंड उघडलं. एक क्षण असा आला होता की खरं बोलला असता. तो क्षण आला आणि त्याच्या जिभेवरून घसरून गेला.

"तुझ्या डोळ्यांना तेवढाच पुरे," तो म्हणाला. "चांगली वस्तू वाया जाईल तुझ्याकडे."

पलीकडे मेहुणा मोठ्याने हसला, सुटका झाल्यासारखा. "बरं झालं बघा! खरं सांगू? मला तोच आवडला होता." आणि त्याने फोन ठेवला. त्याला झोंबलंच नव्हतं. पारख्याच्या तिरस्काराचा त्या माणसावर कधी काही परिणाम होत नव्हता, आणि पारख्याला आज त्याचा पहिल्यांदाच हेवा वाटला.

बायको आत जायला वळली.

"थांब," तो म्हणाला. "आता खरंच बदल. कधी साठ लाव, कधी एकशे पासष्ट. मी सांगतो. मला दिसतं. आज गडबडीत झालं ते."

तिने कप खाली ठेवले आणि टेबलाशी येऊन बसली. पारख्याने भिंतीकडे तोंड केलं. टिकटिक झाली.

"बघा."

तो वळला. लाल गाडी घाटात सोडली. पाटी आली आणि गेली. अडखळली का? झाडं आली, गेली. त्याने पापण्या मिटून उघडल्या, खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली. लोणी होतं की नव्हतं?

"काय मग?" बायकोने विचारलं. "पहिलं स्पष्ट की दुसरं?"

पारखी पडद्याकडे बघायचा थांबला आणि तिच्या तोंडाकडे बघू लागला.